वर्षभराची आई

आमच्या घरात मुलीला वर्ष पुरं होईपर्यंत कुणी तिच्या नावानं हाक मारायची नव्हती. नाव ठरलेलं होतं, केतकी. ते मला, केदारला आणि सासूबाईंना ठाऊक होतं, पण डबीतल्या केशरासारखं झाकून ठेवलेलं. बोलण्यात ती धोंडी. धोंडीला भूक लागलीय, धोंडी कुशीवर वळली, धोंडीच्या पायाला बघ कशी वळी पडलीय. धोंडा कुणाला हवासा वाटत नाही, त्याच्याकडं कुणी वळून बघत नाही. त्या नावाचा एवढाच उपयोग.

तिच्या आधी दोन झाली होती. पहिली रडलीच नाही. दुसरा मुलगा चार महिने राहिला. पंख्याकडं बघून पाय झाडायचा, हसायला लागला होता, आणि एका सकाळी उठलाच नाही. डॉक्टरांनी त्याला काहीतरी नाव सांगितलं, ते मी विसरले. तिसऱ्या वेळी सातवा महिना लागला तेव्हा सासूबाईंनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं, "हे आता आपलं म्हणून घरात ठेवायचं नाही. ओटीत द्यायचं."

ही त्यांच्या माहेरची, बीदरकडची रीत. ज्या घरात मूल टिकत नाही, त्या घरचं मूल बाराव्या दिवशी सुपात ज्वारीवर निजवायचं आणि दुसऱ्या बाईच्या ओटीत द्यायचं. वर्षभर ती त्याची आई. जिनं जन्म दिला तिनं दूध पाजावं, न्हाऊ घालावं, रात्री जागावं, पण दाईसारखं. 'माझं' म्हणायचं नाही. ओटी घेणारीनं मूल कुठं न्यायचं म्हटलं तर नाही म्हणायचं नाही. वर्ष सरता सरता तिनं आपल्या हातानं मूल परत द्यायचं आणि त्याच्या बदल्यात मुलाच्या घरची ज्वारी घ्यायची. मग नाव. आधी धान्य, मग नाव. उलटं होऊ द्यायचं नाही. का, असं मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "ज्याला न्यायचं असतं तो नाव ऐकत बसलेला असतो."

ओटी घेणारी बाई दोन गोष्टींनी पारखायची. तिचं आपलं नातं नसावं, आणि तिला स्वतःचं हसतंखेळतं मूल असावं. रिकाम्या मांडीवर मूल द्यायचं नाही.

ती वर्षं अशी होती की हैदराबादेत रोज एखादी नवी पाटी लागायची. केदारच्या औषध कंपनीनं डेन्मार्कच्या एका कंपनीशी करार केला. आधी लाकडी खोक्यांतून मशिनं आली, मग ती बसवणारा नील्स नावाचा उंच, अबोल इंजिनियर आला आणि त्याच्याबरोबर त्याची बायको बिर्गित. बंजारा हिल्सवर त्यांना बंगला मिळाला. बिर्गितला बाजार दाखवायला इंग्रजी बोलणारी कुणी बाई हवी होती. लग्नाआधी मी शाळेत शिकवत होते, म्हणून केदारनं माझं नाव पुढं केलं. मी तिला सुलतान बाजारात घेऊन हिंडले. सुती कापड, बांगड्या, पितळी घंटा. माझं पोट पुढं आलेलं होतं. रस्ता ओलांडताना ती रिक्षावाल्यांना हात करून थांबवायची आणि मला आधी जाऊ द्यायची. बोलायची कमी. हसली की नुसते डोळे बारीक व्हायचे.

सासूबाईंना ती एका भेटीत पसंत पडली. त्यांना तिचं नाव येईना, त्या तिला बिरजाबाई म्हणायच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "एवढ्या लांबची बाई. आपल्या घरचा काळ तिच्या दारापर्यंत कसा पोचायचा? त्याला पत्ता तरी ठाऊक आहे का?" राहता राहिली मांडी. ते बघायला आम्ही मलकपेठेहून रिक्षा करून तिच्या बंगल्यावर चहाला गेलो.

दिवाणखान्यात टेबलावर फोटो होता. वल्हवायच्या नावेत बसलेला सहासात वर्षांचा मुलगा, वाऱ्यानं केस उडालेले, पुढचा दात पडलेला, तोंडभर हसू. केदारनं विचारलं तेव्हा नील्सनं चहाच्या कपात बघत सांगितलं, आमचा मुलगा, आमच्याबरोबर नाही तो. केदारनं सासूबाईंना सांगितलं, तिकडंच असतो म्हणे. आजीकडं असेल, नाहीतर बोर्डिंगात.

आमच्यात गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर चढतो. त्याला हार पडतो, निदान चंदनाच्या सालींचा तरी. कपाळावर कुंकवाचं बोट लागतं. हा फोटो टेबलावर, चष्म्याच्या डबीशेजारी, हाराशिवाय. सासूबाईंनी तो हातात घेतला, मुलाच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली आणि समाधानानं मान डोलावली. आमची पारख पुरी झाली.

ओटीची गोष्ट केदारनं बिर्गितला समजावली. त्यानं गॉडमदर हा शब्द वापरला आणि वर्षानं परत द्यायचं म्हणजे एक छोटा समारंभ असतो, असं सांगितलं. ती हो म्हणाली.

बाराव्या दिवशी ती आमच्या मधल्या खोलीत चौरंगावर बसली. सासूबाईंनी सूप तिच्या मांडीवर टेकवलं आणि धोंडीला उचलून तिच्या ओटीत ठेवलं. बिर्गितचे हात इतके थरथरायला लागले की मी पुढं झाले. सासूबाईंनी मला डोळ्यांनी मागं सारलं. "नवी आहे," त्या पुटपुटल्या, "भिते."

मग बिर्गितनं पिशवीतून एक पिवळी लोकरीची टोपी काढली. माझ्या मुलाची आहे, म्हणाली, तो एवढा होता तेव्हाची. सासूबाईंना केवढा आनंद झाला. बाळाच्या अंगाला जगल्या-वाढल्या पोराचं जुनं कापड लागावं, यासारखा आशीर्वाद नाही. त्यांनी ती तिथंच धोंडीच्या डोक्यात घातली. तेव्हापासून बाहेर निघालो की ती टोपी. हैदराबादच्या उन्हात तिच्या कपाळावर घामोळं उठायचं. मी रात्री त्यावर चंदन लावायची, आणि सकाळी पुन्हा टोपी.

धोंडीला मान धरता यायला लागली तसे रविवार सुरू झाले. बिर्गित म्हणायची, परक्या देशात सुट्टीच्या दिवशी घरात बसलं की माणूस कुजतं. तिच्याकडं एक जाड मार्गदर्शक पुस्तक होतं, त्यात पेन्सिलीनं खुणा. सकाळी कंपनीची पांढरी सुमो गल्लीच्या तोंडाशी यायची. ड्रायव्हर खाजाभाई खाली उतरून धोंडीच्या हनुवटीला बोट लावायचे, "सलाम, छोटी बेगम." गोवळकोंडा झाला. दरवाज्यात टाळी वाजवली की वर बालेहिसारला ऐकू जाते, ते बघायला नील्स चढून वर गेला. खाली बिर्गितनं धोंडीचे तळवे धरून टाळी वाजवली. त्या इवल्या हातांचा आवाज माझ्यापर्यंतही आला नाही, पण वरून नील्सनं रुमाल हलवला, आणि ती दोघं त्या दिवशी खूप हसली. कुतुबशाही कबरी झाल्या. बीदर झालं, तिथं सासूबाईही आल्या आणि वाटेत माहेरच्या माणसांच्या कागाळ्या सांगून त्यांनी खाजाभाईंना हैराण केलं.

त्यानंतर मात्र किल्ले सुटले. गंडीपेट. हिमायतसागर. शामीरपेट. नागार्जुनसागर. खाजाभाई एकदा मला आरशातून म्हणाले, "बीबी, ये मेमसाब इत्ती दूर से आके हमारे तालाबाँ गिन रै क्या?" मी हसले. पण मग मलाही दिसायला लागलं.

पाण्यावर पोचलो की नील्स गाडीतून उतरायचा नाही. उतरलाच तर गाडीला टेकून, पाण्याकडं पाठ करून वर्तमानपत्र उघडायचा. आणि बिर्गित धोंडीला छातीशी धरून उभी राहायची. गंडीपेटला ती झाडांखालीच थांबली, पाणी पार लांब. हिमायतसागरला बांधावर चढली. शामीरपेटला पायऱ्यांवर. नागार्जुनसागरला घाटावर तिनं चपला काढल्या आणि सर्वांत खालच्या, ओल्या पायरीवर गेली. दर वेळी थोडी पुढं. फोटो काढायची नाही, काही बोलायची नाही. ओठ हलताहेत असं मला वाटायचं. मी दशम्यांचं गाठोडं धरून मागं उभी. माझं दूध भरून यायचं, पोलकं ओलं व्हायचं, आणि मला म्हणता यायचं नाही की दे इकडं, माझी आहे.

घरी आलं की सासूबाई दारातच विचारायच्या, "आणलीस ना परत?" आणि मीठमोहऱ्या उतरून टाकायच्या. मी केदारला सांगितलं, ती सारखी पाण्यावरच नेते. तो दमलेला असायचा. "त्यांच्याकडं सगळीकडं समुद्र आहे, घरची आठवण येत असेल. सहन कर थोडं. एवढं वर्ष जाऊ दे." एवढं वर्ष जाऊ दे, हे तर मीही रोज देवापुढं म्हणत होते.

धोंडी वाढत होती. भिंतीला धरून उभी राहायला लागली. धोंडी म्हटलं की टाळ्या पिटायची. ती झोपली की मी तिच्या कानाच्या पाळीजवळ ओठ न्यायची, दोन्ही ओठ घट्ट मिटून, आणि तिचं खरं नाव मनातल्या मनात घ्यायची. आवाज म्हणून काढला नाही कधी.

मशिनांचं काम ठरल्यापेक्षा लवकर आटोपलं. वाढदिवसाच्या आधीच ती दोघं परत निघाली होती. सासूबाईंनी पंचांग पाहिलं, जाण्याआधीचा शुक्रवार धरला. मी सुलतान बाजारातून बिर्गितसाठी नारायणपेठी साडी आणली. सूप धुऊन उन्हात वाळवलं. कोनाड्यात ज्वारी निवडून ठेवली. सासूबाई दिवसातून एकदा तरी त्या ज्वारीत हात घालून बघायच्या.

आणि शुक्रवारच्या आधी रविवार होता. शेजारच्यांकडं फोन आला. बिर्गित म्हणाली, शेवटचा रविवार, मेदकला जाऊ, चर्च बघायचं राहिलंय. पुढं पोचारमचं तळं आहे. नील्स आणि केदार कारखान्यात अडकले होते, आम्ही दोघीच. मी फोन ठेवून घरी आले तर सासूबाई परातीत पीठ घेऊन बसलेल्या. त्यांनी विचारलं नाही. त्यांना माझ्या तोंडावरून कळलं.

"ताप आलाय म्हणून सांगू?" मी म्हटलं.

"लेकराच्या नावावर खोटा ताप सांगतेस?" त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "आई आहे ती अजून. नाही म्हणायचं नाही." त्यांनी भाकऱ्या थापल्या, लसणाची चटणी घातली, फडक्यात बांधून दिल्या. निघताना धोंडीच्या डोक्यावर पिवळी टोपी त्यांनीच चढवली.

मेदकचं चर्च लांबूनच दिसतं. माळावर एकटंच उभं, करड्या दगडाचं, उंच. आत गार होतं. रंगीत काचांतून ऊन येऊन फरशीवर निळे-तांबडे तुकडे पडले होते. धोंडी त्यांच्यावर हात मारत होती. बिर्गित तिला घेऊन पुढं गेली, एका कडेला मेणबत्त्या लावायची जागा होती तिथं थांबली. तिनं एक मेणबत्ती पेटवली. धोंडीचा हात धरून तिलाही ती धरायला लावली, आणि दोघींनी मिळून ती खोचली.

मला वाटलं नवस असेल, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. मी सहज विचारलं, कुणासाठी?

"माझ्या मुलासाठी," बिर्गित म्हणाली. "आज त्याचा दिवस आहे. फोटोतली ती नाव होती ना, तीच."

मी तिच्याकडं बघत राहिले. तिला वाटलं मला इंग्रजी समजलं नाही. तिनं हळू, शाळेतल्या पोराला सांगावं तसं पुन्हा सांगितलं. नील्स वल्हवत होता. मुलगा वाकला. पाणी फार थंड होतं. ती काठावर बसून चहा करत होती, पाठ पाण्याकडं होती.

त्या गार जागेत मला घाम फुटला. टेबलावरचा फोटो डोळ्यांपुढं आला, चष्म्याच्या डबीशेजारचा, हार नसलेला. त्यांच्यात हार घालत नसतील. ही एवढी साधी गोष्ट आमच्यातल्या कुणाच्याही मनात आली नव्हती. ज्याला पत्ता ठाऊक नाही म्हणून आम्ही एवढ्या लांबचं दार शोधलं, तो त्या घरात आमच्या आधी जाऊन आलेला होता. आणि आम्ही आमच्या हातांनी, सुपात घालून, ज्वारीवर निजवून, आमची मुलगी त्याच मांडीवर ठेवली होती.

मी पुढं झाले आणि धोंडीच्या डोक्यावरची टोपी काढली. बिर्गितनं बघितलं. उकडतंय तिला, मी म्हटलं. टोपी माझ्या मुठीत ओली होत राहिली.

मी खाजाभाईंना म्हटलं, इथूनच परत फिरू या. ते हौ म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली. पण बिर्गित मागून म्हणाली, पोचारम. तिनं ते विनवून म्हटलं नव्हतं आणि दटावूनही नाही. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं म्हटलं. खाजाभाईंनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. शुक्रवारपर्यंत बोलायचा हक्क तिचा होता. शुक्रवारी तिनं स्वतःच्या हातानं परत दिली की सुटलं. तिला आज दुखवलं, तिनं शुक्रवारी हात मागं घेतला, तर? माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं.

पोचारमला दुपारचं कुणी नव्हतं. काठावर एक कोळी पुट्टी उलटी करून बसला होता. पुट्टी म्हणजे बांबूची विणलेली, खालून डांबर लावलेली गोल नाव. विणीनं मोठं सूपच. बिर्गितनं त्याला खुणेनं विचारलं, नोटा दाखवल्या. त्यानं पुट्टी सुलटी करून पाण्यात लोटली. मी चपला काढायला वाकले. कोळी तेलुगूत म्हणाला की वारा आहे, तिघं नको, एकच बाई.

बिर्गित गुडघाभर पाण्यात उभी होती. धोंडी तिच्या कडेवर.

"त्या दिवसापासून मी नावेत पाय ठेवला नाही," ती म्हणाली. "वर्षभर बघत होते, जमेल का. हिच्याबरोबर जमेल."

मी म्हटलं, हिला राहू दे, तू जा. हे नाही म्हणणंच होतं, पण मी ते गुंडाळून म्हटलं, आणि गुंडाळलेलं तिच्यापर्यंत पोचलं नाही. तिनं मान हलवली आणि ती आत बसली. पुट्टी एका बाजूला कलली, मग सावरली. कोळ्यानं वल्हं टेकवून लोटली. धोंडी माझ्याकडं बघून टाळ्या पिटत होती.

पुट्टी सरळ जात नाही. ती गोल फिरत फिरत जाते. म्हणून मला एकदा बिर्गितचं तोंड दिसायचं, एकदा पाठ. एकदा धोंडीचं उघडं डोकं, एकदा काही नाही. प्रत्येक फेऱ्याबरोबर ती लहान होत गेली. वारा वाढला, पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. खाजाभाई गाडीतून उतरून माझ्याजवळ येऊन उभे राहिले, डोक्यावर रुमाल बांधलेला. पाण्याच्या मध्यावर कोळ्यानं वल्हं थांबवलं. पुट्टी आपोआप फिरत राहिली. बिर्गित गुडघ्यांवर झाली. तिनं धोंडीला काखांखाली धरून काठाबाहेर वाकवलं, पाण्याकडं. धोंडीचे हात पाण्याला लागले. त्या दोघी वाकून खाली काहीतरी बघत होत्या, एकाच जागी, कुणी ओळखीचं दिसावं तसं. पुट्टीची ती कड पाण्याला टेकली.

मी पाण्यात शिरले. साडी जड झाली, गाळात पाय रुतले. मला हाक मारायची होती. धोंडी म्हणून हाक मारली असती तर धोंडी बिर्गितची होती. वर्षभर आम्हीच ते नाव तिच्या हवाली केलं होतं. माझ्या तोंडातून दुसरंच नाव निघालं.

"केतकी."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तो पाण्यावरून गेला, पलीकडच्या टेकडीला लागला आणि परत आला. मी पुन्हा ओरडले. "केतकी, माझी आहे ती, आण तिला."

मराठी. बिर्गितला एक शब्द कळायचं कारण नव्हतं. पण पुट्टी फिरून तिचं तोंड माझ्याकडं आलं तेव्हा ती ताठ बसलेली होती आणि धोंडी तिच्या छातीशी होती. तिनं कोळ्याच्या खांद्याला हात लावला.

परत यायला त्यांना फार वेळ लागला, का मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. मी कमरेइतक्या पाण्यात तशीच उभी. पुट्टी जवळ आली. बिर्गितच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती अशी दिसत होती जशी एखादी झोपेतून उठून कुठल्या खोलीत आहोत ते बघते.

"तू ओरडलीस," ती म्हणाली. "मला ओरडायला वेळच मिळाला नव्हता."

तिनं धोंडीला दोन्ही हातांवर घेतलं आणि पुट्टीच्या काठावरून माझ्यापुढं धरलं. मी पदर पसरला. तिनं तिला पदरात ठेवलं, स्वतःच्या हातानं. "घे," म्हणाली. "शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं?"

मग मला ज्वारी आठवली. घरी कोनाड्यात होती. मी काठाकडं धावले, गाठोडं सोडलं, सासूबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी काढली आणि पुन्हा पाण्यात शिरून तिच्यापुढं धरली. खा, मी म्हटलं. आत्ता खा. तिनं विचारलं नाही का ते. कोरडी भाकरी मोडून तिनं तोंडात घातली, चावली, गिळली. मी तिचा घसा हलताना पाहिला. धान्य तिनं घेतलं होतं. परत मिळाली होती. सगळं रीतीप्रमाणं झालं होतं, नुसतं एक मागंपुढं झालं होतं.

येताना गाडीत बिर्गितनं टोपी मागितली. मी मूठ उघडली तेव्हा ती नव्हती. पाण्यात केव्हा सुटली कळलं नाही. ती म्हणाली, असू दे, राहू दे तिथं.

दारात सासूबाईंनी नेहमीचं विचारलं. मी हो म्हटलं, आणि माझ्या ओल्या साडीकडं बघून त्यांनी आणखी काही विचारायच्या आत, बिर्गितच्या मुलाबद्दल सांगितलं. पाण्याबद्दलही सांगितलं. भाकरी सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फोटोचं ऐकून त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "आणि नाव?"

मी धोंडीला पाजायला घेतलं.

शुक्रवारी सूप, ज्वारी, नारळ, सगळं पुन्हा झालं. बिर्गितनं नारायणपेठी साडी अंगावर पांघरली, सासूबाईंच्या पाया पडली. विमानतळावर जाताना तिनं मला गळ्याशी धरलं आणि धोंडीच्या कपाळाचा मुका घेतला, आणि मला तिची कणव आली, खरंच आली. फोटो तिनं हातातल्या पिशवीत घेतला होता, रुमालात गुंडाळून.

वाढदिवसाला बारसं केलं. पाळण्यात घालून नाव ठेवलं, शेजारणींनी घुगऱ्या खाल्ल्या. केदारनं मोठ्यानं तीनदा केतकी म्हणून हाक मारली. तिनं पाळण्यात मान फिरवली. केदारकडं नव्हे. पाळण्याखाली पाण्याचा कलश ठेवला होता, तिकडं. सगळ्या हसल्या.

मग मी बघायला लागले. धोंडी म्हटलं की ती आपल्याकडं बघते, टाळ्या पिटते, रांगत येते. केतकी म्हटलं की तिची मान वळते ती माठाकडं, तांब्याकडं, अंगणातल्या हौदाकडं. केदार म्हणतो, लेकरू आहे, चमकतं तिकडं बघणार. सासूबाईंनी सुताराला बोलावून हौदाला फळी बसवून घेतली, फळीला कडी, कडीला कुलूप, आणि किल्ली कनवटीला लावली. त्या तिला अजून धोंडीच म्हणतात. मीही आता तेच म्हणते.

आज सकाळी तिला न्हाऊ घालत होते. पाय पसरून पाटावर बसलेली, ती माझ्या पायांवर पालथी, पाठीला दुधाचा हात. तिची पाठ इतकी गुळगुळीत झालीय, आणि मानेवरच्या केसांना पाणी लागलं की ते आता वळतात. माझं लक्ष नव्हतं. लाडानं तोंडातून नाव गेलं.

माझ्याच पायांवर होती. माझाच हात तिच्या पाठीवर होता. तिनं मान उचलली, शेजारच्या बादलीत वाकून बघितलं, आणि पाण्याला ओ दिली.